तू दाबून ठेवलेली आठवण

८ डिसेंबर २०१३, रविवार. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस, दादा. सकाळी तुझ्या अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले. दुपारी जेवायला पुष्कळ माणूस येणार होतं. तांदूळ माझ्याच गिरणीतला, तरी खडे निघतच होते. शेजारच्या बाया म्हणाल्या, "राहू द्या बाई, आमी करतो." मी म्हटलं, "मंग मी काय करू? रडत बसू?" त्या माझ्यासमोर दुसरं सूप घेऊन बसल्या.

तू कुठं शिकलास, गोंदियाच्या ज्युनियर कॉलेजात किती वर्षं जीवशास्त्र शिकवलंस, किती पोरं डॉक्टर केलीस, ते दुपारी माइकवरून सगळ्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. आपलं एक भांडण राहून गेलं होतं, तेवढंच लिहिते. भांडण मायवरून होतं.

माय गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तू सतरा. म्हणजे तुझ्याकडे माय जास्त होती. माझ्याकडे काय आहे? चुलीशी बसलेली तिची पाठ. तिच्या हाताला येणारा तंबाखूचा वास, कारण ती विड्या वळायची. एकदा तापात तिनं कपाळावर ठेवलेलं ओलं फडकं. एवढंच. बाप आधीच गेलेला. सख्ख्यांपैकी तिला जवळून पाहिलेलं तुझ्या-माझ्याशिवाय आता कोणी उरलं नव्हतं.

आणि तू काय सांगायचास? कोंबडीची गोष्ट. लग्न असो, जयंती असो, कॉलेजातला निरोप समारंभ असो, तू उभा राहिलास की लोक म्हणायचे, सर, कोंबडीची सांगा. तुला होस्टेलात जागा मिळेना म्हणून माय केशोरीहून पदराखाली कोंबडी घेऊन अर्जुनीला आली. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि कोंबडी सुटली. टेबलावर चढली, दौत सांडली, हजेरीपटावर निळी पावलं उमटली, आणि माय तिच्यामागं धावता धावता ओरडली, "साहेब, तिले नका मारू, पोराले घ्या!" साहेब हसून हसून खुर्चीत बसले आणि तुला जागा मिळाली.

गोष्ट चांगलीच होती. पण दर वेळी ती थोडी जास्त चांगली व्हायची. आधी कोंबडी नुसती सुटली होती. टेबलावर ती बऱ्याच वर्षांनी चढली. दौत त्याहूनही उशिरा सांडली. मी एकदा म्हटलं, "दादा, पुढच्या जयंतीले ते अंडं देते का?" तू रागावला नाहीस. हसलास, पण त्या हसण्यात काहीतरी खुपलं होतं.

निवृत्त होऊन तू अर्जुनीला आलास त्या वर्षी माझ्या पोरीचं लग्न झालं. मांडवात सगळे म्हणाले, मामा, कोंबडीची सांगा. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "आता ते गोष्ट मी सांगत नसतो." आणि खाली बसलास. व्याह्यांसमोर मला कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी तुला धरलं, काय झालं होतं?

तू गिरणीतच आला होतास. धान भरडायचा हलर सुरू होता. तू माझ्या कानाशी तोंड आणून ओरडलास, "सुनी, तुले हा आवाज ऐकू येते का?"

"कोणता?"

"हाच ना. हलरचा."

मी खरंच थांबले. आवाज होता. इतका की तू ओरडत होतास. पण तू विचारेपर्यंत तो माझ्यासाठी नव्हता. आणि त्याच वेळी आत एक खडा गेला, तो मात्र मला लगेच ऐकू आला आणि मी धावले.

नंतर चहा पिताना तू शिकवणी घेतलीस. म्हणालास, लोकांना वाटतं मेंदू म्हणजे जागं होणं, पेटणं. पण त्याचं अर्धं काम दाबण्याचं आहे. एक पेशी दुसरीला सांगते, बोल. तिसरी सांगते, गप. ही गप करणारी नसती तर सगळा मेंदू एकदम पेटला असता आणि माणूस फेफरं येऊन पडला असता. हलरचा आवाज ती दाबते म्हणून खडा ऐकू येतो. डोळ्यांतही तेच. उजेडातली पेशी शेजारणीला दाबते, म्हणून काठ ठळक दिसतो. धानाच्या बांधीचा काठ, भांड्याचा काठ, माणसाच्या चेहऱ्याचा काठ.

"बरं," मी म्हटलं. "आन कोंबडी?"

तू कप खाली ठेवलास. म्हणालास, आठवतानाही तसंच होतं. एक आठवण वर काढायची तर मेंदू तिच्या शेजारच्यांना खाली दाबतो, नाहीतर सगळ्या एकदम येतील. आणि तीच एक पुन्हा पुन्हा काढली की शेजारच्या पुन्हा पुन्हा दाबल्या जातात. मग बोलावलं तरी येत नाहीत.

"मले ते कोंबडी दिसते, सुनी. पिसं दिसतात. शाई दिसते. माय दिसत नाई. तिचं तोंडच दिसत नाई."

मी हसले. आता सांगते, मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, वापरलं नाही तर पातं गंजतं, सांगितलं नाही तर गोष्ट मरते. तू म्हणालास, आठवण म्हणजे पातं नाही. मी म्हटलं, मग काय आहे? तू म्हणालास, "माहीत असतं तर निवृत्त झालो असतो का मी?" आणि आपण दोघंही हसलो. पण तू गोष्ट सोडलीस ती सोडलीसच. तुझं म्हणणं, ती दाबून बसलेली कोंबडी उठली की खालचं काहीतरी वर येईल. मी लोकांना सांगायचे, आमचा दादा सध्या कोंबडी उठायची वाट पाहून राहिला.

आणि मग मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी तुझा फोन आला. धानाची रोवणी सुरू होती, गिरणी बंद, मी झोपले होते.

"सुनी, ऐक. आली."

"कोन?"

"माय. एक आठवण आली. अख्खी. तोंडासकट."

मी उठून बसले. माझं वय पंचावन्नच्या घरात, पण फोन मी दोन्ही हातांनी धरला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, सांग. तू म्हणालास, राहू दे. मी म्हटलं, "अरे सांग ना बाप्पा." तू म्हणालास, "नाई. सांगितलं का ते गोष्ट होईन. मंग मायच्या जागी पुन्हा गोष्टच राहीन."

त्यावरून आपण वर्षभर भांडलो. मी प्रत्येक वेळी विचारायचे, तू प्रत्येक वेळी मेंदू मधे आणायचास. मी म्हटलं, तुझी माय तशी माझी पण माय. तू म्हणालास, बरोबर आहे. मी म्हटलं, मग काऊन सांगत नाहीस? तू म्हणालास, सांगीन, थोडी पक्की होऊ दे. भाऊबिजेला मी ताट हातात धरून म्हटलं, आज ओवाळणी नको, ती आठवण दे. तू खिशात हात घालून तसाच उभा राहिलास. नंतर साडी दिलीस. मी ती नेसले नाही. कपाटात आहे.

मग मेंदूचा झटका आला. गोंदियाच्या दवाखान्यात तू डोळे मिटून पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी तुझ्या तळव्याला बोट लावलं आणि तू ते घट्ट धरलंस. वहिनी ओरडली, "धरलं! बाई, पाहा, ओळखलं तुमाले!" आणि तिचा चेहरा असा उजळला की मी काही बोलले नाही. पण मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. नातू झाला तेव्हा त्यानं माझं बोट धरलं आणि मी म्हटलं, पाहा, आजीला ओळखलं. तेव्हा तू म्हणालास, तो धरत नाही, धरलं जातं. पुढं मेंदू मोठा होतो आणि ही पकड दाबून टाकतो. ती जात नाही, दबून राहते. वरचा मेंदू बिघडला की पुन्हा वर येते.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर आला, त्यानंही हेच सांगितलं. वहिनीला त्याचा राग आला. मला तुझा आला. एवढं शिकवून ठेवायची काय गरज होती? दुसऱ्या कोणाच्या भावानं बोट धरलं असतं तर बहिणीनं ते खुशाल खरं मानलं असतं. मी बोट सोडवून घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत तसंच राहू दिलं. पण माझ्या मनाला एवढासुद्धा दिलासा तू ठेवला नव्हतास.

तर रविवारी त्रिसरण झालं, पंचशील झालं, भंतेजी बोलले, तुझे विद्यार्थी बोलले. मग माझं नाव पुकारलं. मी पांढरी साडी सावरत माइकसमोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, शिस्तीत चार वाक्यं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आत्याबाई, सरांची कोंबडीची सांगा." आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू आलं. रडलेली तोंडं, पण हसू आलं. नाही कशी म्हणू?

मी सांगितली. तुझ्यासारखीच सांगितली. दौत सांडली तिथं थांबले, तू थांबायचास तसं. मांडव हसला. आणि सांगता सांगता मला कळलं की मी तुला पाहत नव्हते. तू माइकशी उभा राहायचास, चष्मा कपाळावर चढवायचास, एवढंच मला दिसत होतं, आणि त्याच्यामागचा सगळा तू, गिरणीत ओरडणारा, साडी घेऊन उभा राहणारा, खाली खाली जात होता. तुला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. मी माइक सोडला आणि तिथंच खाली बसले. लोकांना वाटलं, बहीण आहे, दुःखानं बसली. मी घाबरले होते. तुझं बरोबर होतं, दादा. आता ते कोणाला सांगू?

पंगती उठल्या. मंडपवाला खुर्च्या मोजून घेऊन गेला. ऊन उतरलं होतं. मी आणि वहिनी मागच्या अंगणात भांडी घासायला बसलो. बायांना मीच घरी पाठवलं होतं. वहिनी राख घेत होती, मी विसळत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुमच्या नवऱ्यानं काही चांगलं नाई केलं. माझ्या वाटणीची माय घेऊन गेला."

तिचा हात थांबला.

"असं नका बोलू, बाई."

"काऊन नको? एक आठवण होती. दोन शब्दांत सांगता आली असती. पण नाई. मास्तरकी! मेंदू असा, मेंदू तसा. स्वार्थी होता तो, तेवढ्यापुरता."

वहिनीनं हातातला भाताचा गंज बाजूला ठेवला. हात धुतले, पदराला पुसले. तुझ्या लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली, या बाईनं माझ्याशी कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही. पण म्हणाली, "मले त्यांनी शपथ घातली होती. आता ते नाईत, न् तुमी त्यांले स्वार्थी म्हणून राहिल्या. मंग शपथ कोनासाठी ठेवू? मेंदूबिंदू काही नाई, बाई. तुमच्यासाठीच नाई सांगितलं त्यांनी."

आणि मग तिनं सांगितलं. भांड्यांच्या मधे बसून, माझ्याकडे न पाहता.

तुझ्या-माझ्या मधली दोन लेकरं गेली, हे मला माहीत होतं. माझा जन्म झाला तेव्हा तू सहा वर्षांचा. माय खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. सुईण म्हणाली, पोरगी झाली, पाहा. माय म्हणाली, "नका दाखवू मले. पाहिलं का जीव लागते." दूध पाजायची वेळ आली की सुईण मला तिच्या कुशीत सारायची. माय डोळे मिटून पाजायची, झालं की हात मागं करून परत द्यायची. वहिनी म्हणाली, "किती दिवस ते त्यांले आठवत नव्हतं. पण तेवढे दिवस तुमाले त्यांनीच मांडीवर घेतलं. शाळेत गेले नाई. पडवीत बसून राहायचे, धान भरायच्या ढोलीजवळ. कोनी घेतो म्हटलं तर देत नोते."

"मंग?"

"मंग एका दुपारी मायनं कूस बदलली न् म्हणे, आन रे तिले इकडं. ते तोंड होतं त्यांले आठवलेलं. तुमाले पहिल्यांदा पाहणारं."

मी विसळायचं पाणी तसंच वाहू दिलं.

"एवढं चांगलं होतं, तर काऊन नाई सांगितलं?"

"मी पन तेच म्हटलं. तर म्हणे, सुनीजवळ मायचं थोडंसंच हाये. त्यात हे टाकलं तर तिले भिंतीकडलं तोंडच दिसन. मायनं आपल्याले पाहिलंच नाई, एवढंच धरून बसन ते. आदी तिच्याजवळचं पक्कं होऊ दे." वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुमी रागावल्या का दर वेळी घरी येऊन जेवत नोते ते."

मला रडू आलं नाही. लोक म्हणतात मी कोरडी आहे, असेन. मी उरलेली भांडी विसळली, पालथी घातली, घरी आले. येताना तुझ्यावर पुन्हा राग आला, वेगळा. तू मला ओळखलं नव्हतंस, दादा. दोन लेकरं मातीत ठेवून आलेली बाई पुढच्या लेकराकडे पाहायला घाबरते, एवढं मला कळलं असतं. गिरणी चालवते म्हणून माझं काळीज दगडाचं नाही आणि काचेचंही नाही. मायनं जीव दाबून धरला होता. तिला जमेना, म्हणून तिनं कूस बदलली. मी तुला हे गिरणीत, हलर बंद करून, नीट सांगितलं असतं. आणि मग तू कोणाशी तरी मायबद्दल बोलला असतास. वर्षभर आपण ती आठवण दोघांत ठेवली असती. ते राहिलं.

आणि तरी, मला जपायला तू एक वर्ष माझ्या शिव्या खाल्ल्यास. स्वार्थी म्हणवून घेतलंस. एवढ्या विद्वान माणसाला दुसरं बरं कारण सुचू नये? आपल्याच शास्त्राच्या आड लपलास. आणि मी ते खरं मानलं, कारण ते होतंही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवर बंदची पाटी लावली आणि पहिल्या बसनं केशोरीला गेले. धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या, उरलेल्या ओलीवर लाखोरीचं पीक उगवून आलेलं. आपलं घर आता चुलत पुतण्याकडे आहे. त्यानं पुढं सिमेंटचं बांधलं आणि जुन्या दोन खोल्यांत धानाचं तणस भरून ठेवलं आहे. त्याची बायको दारात आली. "आत्याबाई! एवढ्या सकाळी? काय झालं?"

"काही नाई. ढोली कुठं राहायची गं, आपली जुनी?"

तिला काय माहीत. तिनं आजेसासूला हाक मारली. म्हातारीनं काठीनं दाखवलं, पडवीच्या कोपऱ्यात. तिथं आता शेळी बांधली होती. मी म्हटलं, हिला सोड जरा. पोरगी माझ्याकडे पाहत राहिली, पण सोडली. मी तणसाची एक पेंढी ओढून घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसले. गुडघे दुखतात, तरी मांडी घातली. तू घातली असशील तशी.

मला काही आठवलं नाही. आठवणार नव्हतंच, तेवढं मला कळतं. थंडी होती. ही जागा मला विचित्र वाटली, दादा. सहा वर्षांच्या पोरानं तान्हं लेकरू घेऊन बसायचं तर ऊन पडतं तिथं बसावं, अंगणाकडे. चुलीशी बसावं. हा कोपरा थंड, अंधारा, येता-जाता पाय लागेल असा. मी म्हातारीला विचारलं, "काकू, मायची खाट कुठं राहायची?"

तिनं काठी आत वळवली. "तिकडं, आतल्या खोलीत. भिंतीले लागून."

मी मान वळवली. आतल्या खोलीचं दार माझ्या बरोबर समोर होतं. तणस रचलेलं होतं म्हणून भिंत दिसत नव्हती, पण मधे दुसरं काही नव्हतं. साऱ्या पडवीत तेवढी एकच जागा होती की मायनं कूस बदलली तर तिला समोर मी दिसले असते. तू ती निवडली होतीस.

पुतण्याची बायको चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, इथंच दे. तिथंच बसून मी तो सगळा प्याले, मग उठून पुढच्या बसनं परत आले आणि दुपारी गिरणी सुरू केली.